निष्ठेची ‘अवस्था’ : कन्नड-मराठी राजकीय लेखनातील नेता, कार्यकर्ता आणि भ्रमनिरास

स्वातंत्र्योत्तर भारतीय राजकीय कादंबरीविषयी मराठीत जे समीक्षालेखन झाले, त्यात ‘भ्रमनिरास’ हा शब्द इतक्या सहजतेने वापरला जातो की त्यातील गृहीतकाकडे लक्ष जात नाही. निरास होतो तो भ्रमाचा. म्हणजे पक्षावरची, नेत्यावरची निष्ठा हा मुळातच भ्रम होता आणि नेत्याचा अप्रामाणिकपणा उघड झाल्यावर तो दूर झाला, असा निवाडा या शब्दात आधीच दडलेला असतो. हा निवाडा प्रत्येक कादंबरीच्या बाबतीत खरा ठरतो का, याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तो कोणाच्या जागेवरून दिला जातो? निष्ठा हा भ्रम होता असे म्हणून मोकळे होणे कोणाला शक्य असते, आणि कोणाला नसते? कन्नड व मराठीतील काही कृती शेजारी ठेवून वाचल्या असता या प्रश्नाचे एक उत्तर हाती लागते, आणि ते भ्रमनिरासाच्या रूढ कल्पनेला फारसे अनुकूल नाही.

या वाचनासाठी बंगळूरुच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी हे स्थान विचारात घेणे उपयुक्त ठरते. कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने, त्याचे प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने, १९७८ साली कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारण्यास आरंभ केला. त्याच वर्षी यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘अवस्थे’ ही कन्नड कादंबरी प्रसिद्ध झाली. एका वर्षाच्या योगायोगाने काहीच सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि दोन्ही घटनांच्या तळाशी जमीन आहे. ‘अवस्थे’चा नायक कृष्णप्पा गौड ज्यांच्यावरून घडविला गेला ते समाजवादी नेते शांतवेरी गोपाल गौड यांचा उदय १९५१ च्या कागोडू सत्याग्रहातून झाला. शिवमोग्गा जिल्ह्यातील कुळांच्या या लढ्यात राममनोहर लोहियांनाही अटक झाली होती. ‘उळुववने होलद ओडेय’ ही त्या चळवळीची घोषणा. मराठीत तिचे रूप ‘कसेल त्याची जमीन’ असे होते. गोपाल गौड १९५२ मध्ये विधानसभेत निवडून गेले, विरोधी राजकारणातील नेते राहिले आणि १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. देवराज अर्स यांच्या कारकिर्दीत कूळकायद्याची मोठी सुधारणा १ मार्च १९७४ पासून अंमलात आली, ती पाहण्यास ते नव्हते. कसणाऱ्याच्या मालकीचा प्रश्न कायद्याने ऐरणीवर आला त्याच दशकात राज्यसंस्थेने इलेक्ट्रॉनिक उद्योगासाठी वेगळी भूमी आखून घेतली, या पार्श्वभूमीवर ‘अवस्थे’ वाचावी लागते.

कादंबरीचे शीर्षक मराठी वाचकाला अनुवादावाचून कळते. परंतु त्याच्या छटा सावकाश उलगडतात. अवस्था म्हणजे स्थिती, अवस्था म्हणजे वयाचा टप्पा, आणि ‘काय ही अवस्था!’ असे म्हणताना अभिप्रेत असलेली दैना. पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडलेला कृष्णप्पा अंथरुणात पडून आयुष्याकडे मागे वळून पाहतो, तेव्हा या तिन्ही छटा एकाच देहात एकत्र येतात. गुरे राखणारा मुलगा, महेश्वरय्या या अवलिया आश्रयदात्याच्या दृष्टीस पडून शिकलेला तरुण, अण्णाजी या क्रांतिकारकाच्या सहवासात राजकीय जाणीव आलेला कार्यकर्ता, वारंगळच्या पोलीस कोठडीत छळ सोसलेला बंदी आणि अखेरीस सत्तेच्या उंबरठ्यावर आणून बसविलेला विरोधी नेता, असा हा प्रवास आहे. (गौरी देशपांडे हे कृष्णप्पाच्या जिवलग मैत्रिणीचे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर चमकतो. या नावामागे काही संकेत शोधण्याचे कारण नाही. पण दोन भाषांच्या सीमेवर नावे कशी सहज ये-जा करतात, याचे ते एक गमतीचे उदाहरण आहे.)

कृष्णप्पाच्या निष्ठांचे स्वरूप लक्षणीय आहे. त्या विचारप्रणालीतून व्यक्तीकडे जात नाहीत. व्यक्तीकडून विचाराकडे जातात. महेश्वरय्या कोणत्याही पक्षाचा नाही. अण्णाजीचा मार्ग कृष्णप्पाने पुढे पत्करलेल्या संसदीय मार्गाहून वेगळा आहे. तरीही या दोघांच्या ऋणातून कृष्णप्पा घडतो. अण्णाजी पोलिसांच्या हाती मारला जातो आणि कृष्णप्पा जगतो. जगणे, निवडून येणे, मान्यता पावणे या क्रमाला मृत मित्राच्या संदर्भात एक अपराधी छाया येते. अप्रामाणिकपणा या कादंबरीत एखाद्या भानगडीच्या रूपाने अवतरत नाही. वीरण्णासारख्या कंत्राटदाराच्या उपकारांतून, सोयीसुविधांतून, आजारपणातल्या निकडीतून तो हळूहळू घरात येतो. आणि तो आला आहे हे सर्वांत आधी कळते ते खुद्द कृष्णप्पाला. सत्ताधारी पक्षातील फुटीतून सत्ता मिळविण्याची संधी चालून येते तेव्हा प्रश्न पक्ष बदलण्याचा उरत नाही. ज्या साधनांनी सत्ता मिळेल त्या साधनांशी आपला देह आधीच बांधला गेला आहे काय, असा तो प्रश्न होतो.

निष्ठावान कार्यकर्ता आणि निष्ठेचा घात करणारा नेता या दोन पात्रांत सामान्यतः विभागला जाणारा संघर्ष अनंतमूर्तींनी एकाच देहात सामावला, आणि पक्षाघात हे त्याचे रूप केले. अर्धे अंग चालते, अर्धे चालत नाही. रूपकाची ही रचना काही ठिकाणी फार उघडी पडते, असा आक्षेप घेता येईल. विशेषतः कृष्णप्पाचा पत्नीवरचा संताप आणि हिंसा यांना कादंबरी जितके समजून घेते तितके तिच्या पत्नीपणाच्या अनुभवाला देत नाही. समतेची भाषा बोलणाऱ्या नेत्याच्या घरातील ही विषमता त्याच्या अप्रामाणिकपणाचा भाग म्हणून मोजली जावी की केवळ त्याच्या वेदनेचे चिन्ह म्हणून, याविषयी निवेदन द्विधा राहते. ही द्विधा कादंबरीचे सामर्थ्य आहे असे काही समीक्षकांना वाटू शकेल. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ती तिची मर्यादा आहे. कारण पक्षाबाहेरच्या माणसांवर, म्हणजे घरातल्या माणसांवर, निष्ठेचा जो भार पडतो तो येथे जवळजवळ अनुच्चारित राहतो.

आता याच दशकातील मराठी राजकीय कादंबरीकडे वळावे. अरुण साधू यांची ‘सिंहासन’ १९७७ साली आली. तिच्या व ‘मुंबई दिनांक’ या त्यांच्या आधीच्या कादंबरीच्या आधारे विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ मध्ये प्रदर्शित झाला. मधल्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून शरद पवार यांनी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन केले. कादंबरी त्या घटनेच्या आधीची आहे; तरी पुढील पिढ्यांनी ती त्या घटनेची कथा असल्यासारखी वाचली. साधू पत्रकार होते, आणि मंत्रालयाच्या मजल्यांवरून, दूरध्वनीवरून, पत्रपरिषदांतून सत्ता कशी हलते याचे त्यांचे ज्ञान मराठी कादंबरीला नवे होते. तोवर मराठी कादंबरीतील राजकारण बहुधा ध्येयवादाच्या वा प्रणयकथेच्या आधाराने उभे असे. साधूंनी ते आधार काढून घेतले.

मात्र हे ज्ञान ज्या जागेवरून येते ती जागा वृत्तपत्राच्या प्रतिनिधीची आहे. चित्रपटातील दिगू टिपणीस सर्व काही पाहतो, सर्व काही जाणतो आणि अखेर वेडसर हसत सुटतो. त्याच्या हसण्यात सत्याचा अंश आहे, यात शंका नाही. पण दिगूने कोणत्याही पक्षासाठी चटई उचललेली नाही, कोणत्याही उमेदवारासाठी तो उन्हातान्हात हिंडलेला नाही. त्याचा भंग होतो तो साक्षीदाराचा. गावोगाव पक्षाचे काम करणारा, नेत्याच्या शब्दावर शेजाऱ्याशी वैर घेणारा कार्यकर्ता या कथनाचा डोळा होत नाही. तो गर्दीत असतो. परिणामी ‘सिंहासन’मधील नेते अप्रामाणिक आहेत हे वाचकाला पटते, पण त्या अप्रामाणिकपणाने कोणाचे काय मोडले हे त्याला क्वचितच दिसते. मराठीतील सुशिक्षित मध्यमवर्गीय वाचकाला ही कादंबरी इतकी जवळची वाटली, त्याचे एक कारण हेच असावे. राजकारण गलिच्छ आहे हे त्याचे पूर्वमत तिने अत्यंत कुशलतेने सिद्ध केले आणि त्यात त्याची स्वतःची काही गुंतवणूक आहे काय, हे विचारले नाही.

या संदर्भात युरोपीय तुलना नेहमी केली जाते, पण ती जपून करावी लागते. आर्थर केस्लर यांच्या १९४० च्या ‘डार्कनेस ॲट नून’मधील रुबाशोव्ह पक्षाची अखेरची सेवा म्हणून खोटा कबुलीजबाब देतो, १९४९ च्या ‘द गॉड दॅट फेल्ड’ या संग्रहात सहा लेखकांनी साम्यवादाशी झालेल्या ताटातुटीचा हिशेब मांडला. तेथे कोसळते ते तत्त्वज्ञान, इतिहासाविषयीचा एक सिद्धान्त. भारतीय कृतींत असे क्वचित घडते. कृष्णप्पाला कसणाऱ्याची मालकी हा विचार चुकीचा वाटू लागत नाही. फणीश्वरनाथ रेणू यांच्या ‘मैला आँचल’ (१९५४) मधील बावनदास गांधीविचार सोडत नाही. उलट त्या विचाराला धरूनच तो काळाबाजारवाल्यांच्या गाड्या सरहद्दीवर अडवायला एकटा उभा राहतो आणि त्याच गाड्यांखाली चिरडला जातो. या व्यापारात त्याच्याच पक्षातील माणसे गुंतलेली असतात. पुढे झाडाला लटकलेल्या त्याच्या झोळीच्या चिंध्यांचे लोकांच्या लेखी एक पीर होते, लोक तेथे नवस बोलतात. बावनदासाच्या बाबतीत भ्रमनिरास हा शब्द वापरून पाहावा. तो बसत नाही. त्याच्या निष्ठेत भ्रम नव्हता. पक्षाने आपली जागा सोडली आणि तो आपल्या जागी उभा राहिला. रेणू स्वतः समाजवादी चळवळीत वावरलेले लेखक होते. कार्यकर्त्याची ही उंची त्यांना मंत्रालयातून पाहावी लागली नाही.

मग मराठीत हा कार्यकर्ता कोठे आहे? तो राजकीय कादंबरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात शोधला जातो म्हणून सापडत नाही. १९७८ सालीच प्रसिद्ध झालेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये त्याची चाहूल आहे. या आत्मकथनाची निवेदनरचना ‘अवस्थे’शी ताडून पाहण्याजोगी आहे. दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. म्हणजे मागे राहिलेला माणूस वर आलेल्या माणसापुढे बसून बोलतो. कृष्णप्पाच्या देहात जी फूट पक्षाघाताने दाखविली जाते, ती येथे दोन नावांच्या रूपाने येते. एका माणसाचे दोन भाग परस्परांशी प्रामाणिक राहू शकतात काय, हा प्रश्न दोन्ही कृतींत समान आहे. फरक असा की अनंतमूर्तींचा नायक सत्तेच्या दारात उभा आहे, आणि दगडूला मुंबईतील चाळीच्या दारात उभे राहण्यासाठीही झगडावे लागते.

‘बलुतं’च्या मागे जो राजकीय इतिहास आहे तो पक्षनिष्ठेच्या कोणत्याही अभ्यासात मध्यवर्ती असावयास हवा. १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच गटांत विभागला गेला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्यात मोठ्या संख्येने लोक तुरुंगात गेले. कागोडूच्या कुळाला निदान कसायला जमीन होती. या सत्याग्रहींना तीही नव्हती. त्यानंतर थोड्याच काळात पक्षातील नेते काँग्रेसशी समझोते करू लागले, आणि त्या संतापातून १९७२ मध्ये दलित पँथरचा जन्म झाला. पँथरही १९७४ मध्ये राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यातील मतभेदांनी दुभंगली. ढसाळ पुढे आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींच्या बाजूने गेले, नंतर शिवसेनेच्या जवळ गेले. महाराष्ट्रात नेत्यांनी केलेल्या निराशेचा इतका लांब अनुभव दुसऱ्या कोणत्या समाजाच्या वाट्याला आला असेल, असे वाटत नाही.

तरीही या निराशेची परिणती राजकारण सोडण्यात झाली नाही. एका संघटनेने दगा दिल्यावर दुसरी संघटना उभी राहिली, ती फुटल्यावर तिसरी. बाहेरून पाहणाऱ्याला ही केवळ गटबाजी दिसते आणि तिच्यावर विनोद करणे सोपे असते. परंतु ज्याच्या वस्तीतील अत्याचाराची फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदवून घेण्यासाठी मोर्चा लागतो, त्याला पक्ष हवाच असतो. नेता खोटा निघाला म्हणून तो साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसू शकत नाही. दलित साहित्यातील क्रोधाचे स्वरूप यामुळे भ्रमनिरासाच्या साहित्याहून वेगळे होते. त्यात उपरोधापेक्षा मागणी अधिक असते. दिगूच्या हसण्याची चैन त्याला नाही.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निष्ठा ही आचाराची बाब न राहता संख्येची बाब झाली. आमदाराने पक्षादेश पाळावयाचा. पाळायचा नसेल तर प्रारंभी एकतृतीयांश आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर दोनतृतीयांश सदस्य सोबत हवेत. २००२ मध्ये विलासराव देशमुखांचे सरकार संकटात असताना महाराष्ट्रातील काँग्रेसच्या आमदारांना बंगळूरुजवळच्या विश्रामधामात ठेवण्यात आले. २०१९ मध्ये कर्नाटकातील बंडखोर आमदार मुंबईच्या हॉटेलात राहिले. २०२२ मध्ये शिवसेनेच्या आमदारांचा प्रवास सुरत आणि गुवाहाटी असा झाला. कृष्णप्पाने अंथरुणात ज्या मोहाशी झुंज दिली तो मोह आता बसमध्ये घालून नेता येतो. समाजवादी वारशाचे काय झाले, हेही कर्नाटकात पाहता येते. गोपाल गौडांच्या प्रभावातून पुढे आलेले एस. बंगारप्पा अनेक पक्ष स्थापून व सोडून २०११ मध्ये निवर्तले. प्रजा समाजवादी पक्षाच्या वाटेने आलेले एस. एम. कृष्णा काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले आणि २०१७ मध्ये भारतीय जनता पक्षात गेले. १९९९ ते २००४ या त्यांच्याच कारकिर्दीत बंगळूरुची माहिती-तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून ओळख पक्की झाली. खुद्द अनंतमूर्तींनी २००६ मध्ये राज्यसभेची निवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले.

येथे इलेक्ट्रॉनिक सिटी पुन्हा विवेचनात येते. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरुला आली आणि १९९४ मध्ये या वसाहतीत. महाराष्ट्रातून येथे आलेल्या अभियंत्यांच्या पिढ्यांसाठी हे ठिकाण गुणवत्तेचे होते, ओळखीपाळखीचे नव्हते. आणि ‘राजकारणापासून मुक्त’ हा त्याचा सर्वांत मोठा गौरव मानला गेला. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीतील एका परंतुकानुसार ज्या औद्योगिक नगरीत नागरी सेवा उद्योगच पुरवितात, तेथे निर्वाचित नगरपालिका स्थापन न करण्याची मुभा आहे. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी असेच स्वतंत्र औद्योगिक नगरी प्राधिकरण अस्तित्वात आले. रस्ते, पाणी, करआकारणी ही ज्या कामांसाठी इतरत्र नगरसेवकाच्या दारात जावे लागते ती येथे व्यवस्थापनाची कामे झाली. कार्यक्षमतेच्या दृष्टीने यात वावगे काही नसेल. पण साहित्याच्या अभ्यासकाला येथे ‘सिंहासन’च्या वाचकाचे स्वप्न वास्तूच्या रूपात उभे राहिलेले दिसते. नेते अप्रामाणिक आहेत, म्हणून नेता आणि कार्यकर्ता दोघेही नसलेली जागा.

या वर्गाने राजकारणात उतरण्याचा प्रयत्न केला नाही, असे मात्र नाही. २०१४ मध्ये नंदन निलेकणी काँग्रेसतर्फे बंगळूरु दक्षिणमधून आणि इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख व्ही. बालकृष्णन आम आदमी पक्षातर्फे बंगळूरु मध्यमधून लोकसभेला उभे राहिले, दोघेही हरले. पक्षाची नवी व्याख्या करू पाहणाऱ्या आम आदमी पक्षातूनही २०१५ मध्ये योगेंद्र यादव व प्रशांत भूषण यांना काढून टाकण्यात आले. सुशिक्षित स्वयंसेवकांना या हकालपट्टीत जो धक्का बसला तो खरा होता. मात्र बहुतेकांना परतण्यासाठी नोकरी होती, घर होते, प्राधिकरणाचे स्वच्छ रस्ते होते. पँथरच्या फुटीनंतर कामाठीपुऱ्यात वा वरळीत परतणाऱ्या तरुणाला यातले काही नव्हते. दोन्ही अनुभवांना मराठी समीक्षा भ्रमनिरास हे एकच नाव देते, तेव्हा एका वर्गाची सवड ती सर्वांचा स्वभाव म्हणून नोंदवीत असते.

‘अवस्थे’ला हे नाव पूर्णपणे लागू का पडत नाही, याचे कारणही यात आहे. कृष्णप्पाच्या लुळ्या देहाबाहेर त्याला निवडून देणारी माणसे आहेत, आणि कादंबरी त्यांच्या गरजेला खोटी ठरवीत नाही. कर्नाटकातील १९७४ च्या कायद्याखाली कुळाला जमिनीचा हक्क सांगण्यासाठी नमुना ७ मध्ये अर्ज करावा लागे, आणि त्यावर निर्णय देणाऱ्या न्यायाधिकरणांत अधिकाऱ्यासोबत बिनसरकारी सदस्यही असत. निरक्षर कुळाचा अर्ज कोणीतरी भरून द्यावा लागे, साक्षी गोळा कराव्या लागत, जमीनदाराच्या धाकाला न भिता तारखेला हजर राहावे लागे. हे काम ज्यांनी केले त्यांत पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते होते. त्यांचे नेते किती प्रामाणिक होते, हा प्रश्न अर्जदाराला दुय्यम होता. अर्जांची मुदत पुढे ढकलत अखेर ३० जून १९७९ पर्यंत वाढविण्यात आली. ‘अवस्थे’ प्रसिद्ध झाली, त्यानंतरच्या वर्षातही हे अर्ज घेतले जात होते.